दोन गाड्यांच्या गराजला 18 फुटी दार: दहा महिन्यांनंतर

आमचं घर मिशिगनमधलं, जुनं. गराज आतून 24 फूट रुंद, पण पुढे 8-8 फुटांची दोन दारं आणि मध्ये खांब. आमच्या दोन्ही मिनीव्हॅन आरसे धरून साधारण सात-सात फुटी. म्हणजे आत शिरताना दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच! दुसऱ्यांदा आरसा खांबाला घासला आणि खांब काढून एकच मोठं दार बसवायचं ठरलं.

दारवाल्याने 16 बाय 7 (16 फूट रुंद, 7 फूट उंच) सुचवलं. इथे दोन गाड्यांना सर्रास हेच माप बसवतात, स्वस्तही पडतं. पण मी ड्राइव्हवेवर खडूने 16 फुटांवर दोन खुणा केल्या आणि गाड्या शेजारी शेजारी उभ्या करून पाहिल्या. कडेला 8-8 इंच सोडले, तर दोन आरशांच्या मध्ये उरले जेमतेम 8 इंच. खुणा 18 फुटांवर नेल्या, तर तेच अंतर 32 इंच झालं. "आत गेल्यावर गाडी बाजूला घ्या की," असं त्याचं म्हणणं. पण सतरा फुटी गाडी 22 फूट खोल गराजमध्ये तिरपी घालून पुन्हा सरळ कशी करणार? दार जिथून आत सोडतं, तिथेच गाडी उभी राहते.

हा फरक खरा कळला तो आई साताऱ्याहून आली तेव्हा. तिचे गुडघे दुखतात. गाडीचं दार पूर्ण उघडून, आधी दोन्ही पाय बाहेर टाकून, मग वरची मूठ धरून ती उठते. आधीच्या खेपेला तिला बाहेर बर्फातच उतरावं लागायचं. या जानेवारीत ती रोज आत, कोरड्या फरशीवर उतरली. मला एवढ्यासाठीसुद्धा हा खर्च परवडला.

उंची आम्ही 8 फूट घेतली. गाडी पावणेसहा फूट, टपावर दीड फुटाची सामानाची पेटी; 7 फुटी दारात ती अडकलीच असती. मात्र छत आधी मोजा. हे दार वर उचललं जाऊन छताखाली सरकतं, त्यामुळे दाराच्या वर रूळ आणि दाराचं वजन तोलणाऱ्या स्प्रिंगसाठी साधारण फूटभर जागा लागते, मोटरला आणखी थोडी. आमचं छत साडेनऊ फुटांवर होतं म्हणून जमलं.

खांब काढणं सोपं नाही. छताचा भार त्याच्यावर होता, त्यामुळे इंजिनिअरकडून नव्या तुळईचा आराखडा करून घेतला, टाउनशिपची (म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाची) परवानगी घेतली. त्यात सहा आठवडे गेले.

एकाच दाराचा तोटाही आहे. दोन्ही गाड्यांची ये-जा एकाच स्प्रिंगच्या जोडीवर. साध्या स्प्रिंगचं आयुष्य 10,000 वेळा उघडझाप एवढं धरतात. आमचं दार दिवसाला आठ वेळा उघडतं, म्हणजे साडेतीन वर्षंसुद्धा नाहीत. आणि स्प्रिंग तुटली की दोन्ही गाड्या आत अडकल्या. म्हणून जास्तीचे पैसे देऊन 25,000 वाल्या घेतल्या.

फेब्रुवारीत एकदा खालचं रबर फरशीला गोठून चिकटलं आणि मोटर थांबली. सारखं बटण दाबू नका, दाराला इजा होते. आम्ही लाल दोरी ओढून दार मोटरपासून सोडवलं, प्लास्टिकच्या पट्टीने रबर हळूहळू सुटं केलं. तेव्हापासून थंडीत रबरावर सिलिकॉन स्प्रे मारतो आणि बर्फाचं पाणी उंबऱ्यावरून रोज पुसतो.