जुन्या डाळिंबाच्या गुट्या देणारी रोपवाटिका: तीन वर्षांचा अनुभव

मंगळवेढा रस्त्याला देगाव मागे पडलं की डाव्या हाताला शेडनेटची एक लहानशी रोपवाटिका लागते. बाहेर पाटी नाही, गेटावर रंगवलेलं एक डाळिंब तेवढं आहे. नवरा-बायको दोघंच सगळं बघतात. तीन वर्षांत मी चारदा गेलो, आणि ज्यांच्याकडे दोन झाडांपुरती जरी जागा असेल त्यांनी एकदा तरी जावं असं मला मनापासून वाटतं.

मी कृषी सहाय्यक होतो. नोकरीची शेवटची पंधरा वर्षं दक्षिण सोलापूर आणि मोहोळच्या गावांमधून ‘भगवा लावा’, म्हणजे डाळिंबाचा भगवा हा वाण लावा, हेच सांगत फिरलो. तेव्हा ते बरोबरच होतं. भगव्यानं माणसांची घरं बांधली, पोरींची लग्नं झाली. पण बांधाबांधावर जी गावठी झाडं होती, फिक्या दाण्याची, आंबटगोड, ती त्याच काळात निघाली. आमच्या आईच्या परसातलं झाडही न्हाणीघर वाढवताना तोडलं. तिच्या हातची त्या सालीची पूड पोटदुखीवर आम्ही सगळ्या भावंडांनी घेतली होती. निवृत्तीनंतर तसं झाड शोधायला लागलो, तेव्हा कुणाकडेच सापडेना.

त्याआधी एका दुसऱ्या ठिकाणाहून भगव्याची 400 रोपं आणली होती. पिशवी फोडली तर मुळांवर सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या बारीक कृमींच्या गाठी. पहिल्याच पावसाळ्यात तेल्या रोगाचे डाग आले. मातृवृक्ष, म्हणजे रोपं ज्याच्यावरून काढली ते झाड, कुठला म्हणून विचारलं तर उत्तर मिळालं नाही. दोन वर्षं आणि ठिबकचा खर्च मातीत गेला.

इथे नेमकं उलट आहे. प्रत्येक पिशवीला पत्र्याची बारीक पट्टी बांधलेली असते. तिच्यावर खिळ्यानं ठोकून वाण, मातृवृक्षाचा नंबर आणि गुटी (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं कलम) बांधल्याची तारीख लिहिलेली. तो नंबर घेऊन मागच्या वाफ्यात गेलात तर ते झाड उभं दिसतं. मुळं दाखवा म्हटलं की ताई हातातलं काम ठेवून पिशवी फाडतात. “साहेब, झाकून विकायचं असतं तर भाजी विकली असती,” म्हणाल्या.

पहिल्या भेटीत मी भगव्याच्या रांगेपाशी थांबलो तर त्यांचे मालक म्हणाले, “ह्याचा बाप रशियाकडचा, ठाऊक हाय न्हवं?” मला ठाऊक होतं, पण वाफ्यावर उभं राहून कुणी असं सांगेल याची अपेक्षा नव्हती. गणेश हा वाण पुण्याच्या गणेशखिंड केंद्रात डॉ. चीमा यांनी 1936 साली आळंदी वाणातून निवडला. पुढे राहुरी विद्यापीठात गणेश आणि रशियन गुल-ए-शाह रेड यांचा संकर झाला, त्याच्या पुढच्या पिढीतून आरक्ता आणि भगवा निघाले. म्हणजे सोलापूरचं डाळिंब म्हणून 2016 साली आपण ज्याचं भौगोलिक मानांकन घेतलं, त्याच्या अंगात निम्मं रक्त परमुलखातलं. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा सोलापूर लालही तसाच. त्याच्या वंशावळीत भगवा, गणेश, ‘नाना’ नावाचं बुटकं डाळिंब आणि हिमालयाच्या उतारावरचं ‘दारू’ नावाचं रानटी आंबट डाळिंब आहे. त्या रानटी झाडाला कुणी कुऱ्हाड लावली असती तर हा वाण झालाच नसता.

म्हणूनच यांची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे गुटी परत करायची पद्धत. जुन्या वाणाचं रोप एरवी 60 रुपयांना. पण तीन वर्षांत त्याच झाडाच्या दोन गुट्या परत द्यायचं वहीत लिहून दिलं तर 30 रुपयांत. त्या दोन्ही गुट्या वेगळ्या गावच्या वेगळ्या माणसाकडे जातात. वाफ्यातलं झाड मेलं तरी वाण कुठेतरी उभा असतो.

याचं मोल कळायला गारिगालाची गोष्ट ठाऊक हवी. गारिगाला हे तुर्कमेनिस्तानातलं इराणच्या सीमेजवळचं ठिकाण. तिथे ग्रेगरी लेविन नावाच्या शास्त्रज्ञानं चाळीस वर्षं खपून 27 देशांतले डाळिंबाचे 1,117 नमुने जमवले होते. सोव्हिएत संघ मोडला, पैसा आटला, लेविन यांना देश सोडावा लागला आणि बाग उद्ध्वस्त झाली. त्यांनी आधीच छाट कलमं कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या सरकारी संग्रहाला पाठवली होती, म्हणून त्यातलं काही वाचलं. ज्वारीचं बी कोठारात थंड करून ठेवता येतं. डाळिंबाचं बी लावलं तर आईसारखं झाड येईलच असं नाही, त्यामुळे वाण राखायचा तर झाडच राखावं लागतं, तेही एकापेक्षा जास्त ठिकाणी.

देशादेशांत मात्र ही देवाणघेवाण सोपी नाही. 2004 साली लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय बियाणे करारात 64 पिकांची यादी आहे, त्यांचं बी-कलम देशांना एकाच ठरलेल्या अटींवर देता-घेता येतं. त्या यादीत सफरचंद, केळी, लिंबूवर्गीय फळं आहेत. डाळिंब नाही, द्राक्ष नाही. सोलापूरची दोन्ही मोठी फळं यादीबाहेर, त्यामुळे प्रत्येक कलमासाठी दोन देशांनी वेगळं बोलणं करायचं. मला हे फार खटकतं. आपल्या अमरावतीची संत्री मात्र भारत, थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशियाच्या फळझाडांचे वाण राखायच्या एकत्र प्रकल्पात होती. तिथे झाडं राखणाऱ्या शेतकऱ्यांनाच मध्यभागी ठेवलं होतं. आमच्या डाळिंबासाठी तसं काही व्हायला हवं.

आता उणं. जुन्या वाणांची रोपं फार थोडी असतात, ज्येष्ठात नाव नोंदवलं नाही तर रिकाम्या हातानं परतावं लागतं. फोन लवकर उचलत नाहीत. रोख पैसे न्या. आणि एकाच वाणाची शंभर रोपं मागितली तर सरळ नाही म्हणतात. सोबतचं झाड दुसऱ्या वाणाचं घ्या, असा त्यांचा आग्रह असतो. बाग लावणाऱ्याला तो पटेलच असं नाही.

मी नेलेल्या फिक्या दाण्याच्या झाडाला यंदा हस्त बहाराची सात फळं धरली. दाणे आईच्या झाडाइतके आंबट नाहीत, पण बी तसंच टणक. आषाढात त्याच्या पेन्सिलीएवढ्या फांदीची इंचभर साल गोल काढली, ओलं शेवाळ लावून प्लास्टिक आवळून बांधलं. अशा तीन केल्या. काल सकाळी बघितलं तर दोघींत प्लास्टिकच्या आतून पांढरी मुळं दिसत होती. तिसरीत अजून काही नाही. आठ दिवसांनी घेऊन जाणार आहे, वहीत सही करून येईन.