सी टू सी मार्गावर भाड्याच्या सायकली आणि भाड्याचा तंबू

उत्तर इंग्लंडमध्ये आयरिश समुद्राच्या काठावरील व्हाइटहेवनपासून पूर्व किनाऱ्यावरील टाइनमथपर्यंत जाणारा ‘सी टू सी’ हा सुमारे २२५ किलोमीटरचा सायकलमार्ग १९९४ साली खुला झाला. मी आणि माझ्या यजमानांनी गेल्या मे महिन्यात तो पाच दिवसांत, रोज तंबूत मुक्काम करत पूर्ण केला. दोन सायकली, चार पॅनिअर (सायकलीच्या बाजूंना टांगायच्या सामानाच्या पिशव्या), तंबू आणि शेवटी टाइनमथहून परत आणणारी व्हॅन एवढे सगळे आम्ही व्हाइटहेवनच्या परिसरातील एका घरगुती दुकानातून भाड्याने घेतले होते. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारही येणार आहे; शिवाय या मार्गावर अशी सेवा देणारी इतरही दुकाने असल्यामुळे, निवडताना काय तपासावे हे कळणे वाचकाला जास्त उपयोगाचे ठरेल.

तपासण्याची पहिली गोष्ट म्हणजे सर्वांत हलका गिअर. पुण्यात मी ज्या सायकलीने सिंहगड चढते, तीच तंबू आणि पाच दिवसांचे सामान लादून पेनाइन डोंगरांत नेली असती तर अर्धा मार्ग पायीच काढावा लागला असता. दुकानाने दिलेल्या सायकलींना पुढे २६ आणि मागे ३६ दात्यांचे चक्र होते. याचा अर्थ असा की पेडलच्या एका पूर्ण फेरीत सायकल जेमतेम दीड मीटर पुढे सरकते, आणि मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तरी वेग ताशी साडेपाच किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतकाच राहतो. सपाटीवर हा गिअर हास्यास्पद वाटतो. रेन्विक गाव मागे टाकून ५८० मीटर उंचीच्या हार्टसाइड खिंडीकडे निघाल्यावर मात्र तोच आधार होता. तिथला चढ भयंकर उभा नाही, पण तो संपत नाही. प्रत्येक वळणानंतर माथा आणखी एक वळण पुढे गेलेला असतो. एका ठिकाणी यजमानांचे हँडल डळमळू लागलेले पाहून मी मागून ओरडले, “अहो, उतरा आता!” तर उत्तर आले, “उतरलो तर परत बसता येणार नाही.” त्यांचे खरेच होते, कारण भरलेली सायकल चढावर थांबवली की पुन्हा सुरू करणे हेच सर्वांत अवघड काम असते. आम्ही दोघेही न उतरता वर पोहोचलो, आणि त्याचे निम्मे श्रेय मी त्या ३६ दात्यांच्या चक्राला देते. माथ्यावरचे प्रसिद्ध कॅफे २०१८ साली आगीत जळाले, त्यामुळे वर गेल्यावर चहा मिळेल या आशेवर कोणी चढू नये.

दुकानदाराची दुसरी गोष्ट मला फार आवडली. त्याने आमचे भरलेले पॅनिअर एकेक करून हातकाट्याला टांगले, आकडे पाटीवर लिहिले आणि कसलेही भाषण न करता एक रिकामी टोपली पुढे सरकवली. त्या टोपलीत माझी जीन्स, यजमानांचे जास्तीचे बूट, एक जाडजूड टॉवेल आणि घरून आणलेला चिवड्याचा मोठा डबा मिळून सहा किलो सामान गेले. (चिवडा निम्मा परत घेतला.) विमानातून नेता येत नसलेला गॅसचा छोटा डबा त्याने दुकानातच विकत दिला. मार्ग पश्चिमेकडून पूर्वेकडे का करायचा, तर वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून वाहतो आणि पाठीशी राहतो, हेही त्यानेच समजावले.

हार्टसाइडच्या आधी लागणाऱ्या, केसविक ते थ्रेल्केल्ड या जुन्या रेल्वेमार्गावरच्या पट्ट्याविषयी एवढेच लिहिते की, २०१५ च्या डिसेंबरातील वादळी पुराने त्यावरील पूल वाहून नेले होते आणि २०२० च्या अखेरीस तो पुन्हा सुरू झाला; ग्रेटा नदीकाठचा हा तुकडा सावकाश चालवावा.

आता तक्रार. तंबू ‘दोन माणसांचा’ होता, म्हणजे एकाने कूस बदलली की दुसऱ्यानेही बदलायची. ते आम्ही चालवून घेतले. पाणी आत आले नाही, हेही मान्य केले पाहिजे. खरी फसगत खुंट्यांनी केली. पिशवीत ॲल्युमिनियमच्या बारीक, बोटाने वाकतील अशा चौदा खुंट्या होत्या, ज्या मऊ हिरवळीवर पुरेशा ठरतात. हार्टसाइडपलीकडच्या ॲल्स्टन आणि नेंटहेडच्या परिसरात मात्र शेकडो वर्षे शिशाच्या खाणी चालल्या आणि आमच्या मुक्कामाची जमीन वरून गवताळ असली तरी चार बोटांखाली नुसते खडे होते. पहिल्या पाच खुंट्या आकड्यासारख्या वाकल्या. संध्याकाळचा वारा वाढत चालला होता, फोनला रेंज नव्हती, आणि दुकानाने मोठ्या अभिमानाने दिलेला चोवीस तासांचा मदत क्रमांक खिशातच राहिला. शेवटी तंबूच्या दोऱ्या आम्ही दगडांना गुंडाळल्या, वाऱ्याकडच्या दोन कोपऱ्यांना भरलेले पॅनिअर बांधले आणि रात्री तीन वेळा उठून ते जागेवर असल्याची खात्री केली. दुसरीकडे जाऊन तंबू ठोकण्याचाही प्रश्न नव्हता, कारण स्कॉटलंडसारखी उघड्या माळावर मुक्कामाची मुभा इंग्लंडमध्ये सहसा नाही. जागामालकाची परवानगी लागते. त्यामुळे भाड्याच्या तंबूची पिशवी दुकानातच उघडून जाड, कडक खुंट्या मागून घ्याव्यात.

पुढचा दिवस नेंटहेडवरून ६०९ मीटरच्या ब्लॅक हिलचा. हार्टसाइडपेक्षा हा चढ छोटा, पण जास्त उभा आहे आणि जागरणानंतर तिथे मी दोनदा उतरले. त्यापुढच्या कॉन्सेट गावानंतर मात्र पेडल मारण्याचे कष्ट जवळपास संपतात.

टाइनमथला रिवाजाप्रमाणे पुढचे चाक समुद्रात बुडवले, तेव्हा व्हॅन ठरल्या वेळेच्या दहा मिनिटे आधीच उभी होती. दुकानात सायकली तपासून अनामत रक्कम लगेच परत मिळाली, वाकलेल्या खुंट्यांचे पैसेही कापले नाहीत. मी त्या टेबलावर ठेवल्या तेव्हा दुकानदार मनमोकळे हसून म्हणाला, “तिथे सगळ्यांच्याच वाकतात.” मग देता कशाला, हे विचारायचे मला त्या वेळी सुचले नाही. घरी आल्यावर ईमेलने विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही.