बीकन, प्रोब आणि फावडं: कोलोरॅडोत पूर्ण हिवाळा वापरून झाल्यावर

हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस शोधून बाहेर काढायचा सेट ऑक्टोबरमध्ये घेतला होता, तीन अँटेनाचं डिजिटल बीकन (अंगावर बांधायचं यंत्र, सेंडवर सिग्नल पाठवतं, सर्चवर दुसऱ्याचा शोधतं), ३०० सेंमीचा प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची काठी) आणि अ‍ॅल्युमिनियमचं फावडं. आता मे उजाडलाय, बर्फ वितळायला लागलाय, म्हणून लिहायला बसलो. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाहीये, तीन अँटेनावाल्या बीकनमध्ये उन्नीस-बीसचाच फरक असतो आणि लोक नेमकं त्यावरच तासन्‌तास भांडत बसतात. सगळी ४५७ किलोहर्ट्झवरच चालतात, त्यामुळे तुमचं एक आणि मित्राचं दुसरं असलं तरी काही अडत नाही.

बीकन एकंदर मस्त आहे पण खोक्यावर लिहिलेली रेंज विसरा. दोन्ही अँटेना सरळ रेषेत असल्या तरच तेवढी मिळते, आडव्या-तिडव्या असल्या की बरीच कमी. बर्थूड पासला मित्राने एक बीकन पिशवीत घालून बर्फात पुरलं आणि मला शोधायला लावलं. पडद्यावरचा बाण सरळ नेतच नाही! सिग्नल वळणाने येतो म्हणून तोही वळणावळणाने नेतो, अंदाजे मीटरमधल्या अंतराचा आकडा ३८, ३१, २४ असा उतरत गेला की समजायचं बरोबर चाललोय. दहाच्या आत आलो की वेग कमी करायचा, तीनच्या आत बीकन अगदी बर्फाला टेकवून आडवं-उभं सरकवायचं आणि या वेळी ते अजिबात फिरवायचं नाही, फिरवलं की आकडे उगाच नाचतात. हे वाचून येत नाही, हाताला सवय लागावी लागते.

तक्रारी दोन. एक, जाड ग्लोव्ह घालून सेंडवरून सर्चवर टाकायचा खटका सरकता सरकत नाही. दुसरी, मोबाइल. पाठवताना बीकनपासून किमान २० सेंमी आणि शोधताना ५० सेंमी लांब ठेवायला सांगतात ते अगदी खरंय, छातीच्या खिशात फोन असला की आकडे वेड्यासारखे उड्या मारतात. गरम होणारे ग्लोव्ह, कॅमेरा, स्मार्टवॉच, सगळ्यांचं तेच.

प्रोब ठीकठाक. ओला ठेवून गाडीत टाकला तर दुसऱ्या दिवशी लॉक गोठतं, एवढं सोडलं तर बोलण्यासारखं काही नाही. उताराला काटकोनात खुपसायचा, लागलं नाही तर २५ सेंमी सरकून गोल गोल बाहेर जायचं, आणि लागलं की तो काढायचा नाही, तिथेच ठेवायचा.

आता फावडं. लोक बीकनला साडेतीनशे-चारशे डॉलर घालवतात आणि फावडं मात्र सेलमधलं प्लास्टिकचं उचलतात, हे मला खरंच कळत नाही. स्लॅब, म्हणजे एकसंध सरकत येणारा बर्फाचा थर, थांबली की तो बर्फ एवढा घट्ट बसतो की प्लास्टिकचं पातं वाकतं, आधी तुकडे पाडावे लागतात आणि मग बाहेर फेकायचे. माणूस एक मीटर खाली असेल तर टनभर बर्फ हलवायचाय, आणि हाताशी वेळ किती, तर जेमतेम दहा-पंधरा मिनिटं, त्यानंतर जिवंत सापडायची शक्यता धाडकन खाली येते. शोधायला चार मिनिटं गेली तर उरलेला सगळा वेळ खणण्यातच जातो ना! प्रोबच्या डोक्यावर उभं राहून सरळ खाली खणायचं नाही, उताराच्या खालच्या अंगाला साधारण खोलीच्या दीडपट लांब जाऊन तिथून आत शिरायचं, एकाने पुढे तोडायचं, बाकीच्यांनी मागे ढकलत राहायचं आणि दर मिनिटाला पुढचा बदलायचा. आम्ही गाड्यांच्या बाजूला साचलेल्या कडक ढिगाऱ्यावर हे करून बघितलं, पाठीचं पार भुस्काट झालं. माझं फावडं लांबणारं आहे, डी आकाराची मूठ आहे, पाच पैकी पाच.

एअरबॅग (हिमस्खलनात फुगणारी पाठपिशवी) घेतलेली नाही, महाग आणि जड.

पण एक सांगतो, या सगळ्यापेक्षा जास्त वापरलेली वस्तू फुकट आहे, कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच इन्फर्मेशन सेंटरचा रोजचा अंदाज. आदल्या संध्याकाळीच येतो. इथला बर्फ पातळ आणि थंडी कडक, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पहिला थर जमिनीलगत जाड्या साखरेसारखा सुटा होतो, त्याच्यावर पुढची वादळं येऊन स्लॅब बसते आणि तो कमजोर थर महिनोन्‌महिने तसाच राहतो. २०२०-२१ च्या सीझनमध्ये एकट्या कोलोरॅडोत हिमस्खलनात १२ जण दगावले. अंदाजातली धोक्याची पातळी पाचपैकी ४ असेल तर सगळेच घरी बसतात, ३ असेल तर 'बघू या' म्हणतात आणि जास्त माणसं ३ वरच दगावतात. पायाखाली 'धुप्प' आवाज आला, बर्फाला भेग पळाली की माझा निर्णय ठरलेला, ३० अंशांच्या खालचे उतार. तेही वरच्या चढाच्या पायथ्याशी नसलेले, कारण सपाटीवरून चालतानाही वरचा उतार सुटू शकतो. कॅलटोपोच्या ऑनलाइन नकाशात उतार किती तीव्र ते रंगांनी दिसतं, घरूनच बघून ठेवायचं.

पुण्या-मुंबईहून गुलमर्गला जाणाऱ्यांनी पण हे घ्या. गंडोला (रोपवे) अफरवट डोंगरावर नेऊन सोडतो, पण स्की पट्रोलच्या सुरक्षा पथकाच्या भागाबाहेर पाऊल टाकलं की ते बॅककंट्रीच, म्हणजे देखरेख नसलेला डोंगर, १ फेब्रुवारी २०२३ ला तिथे हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले. बीकन भाड्याने घेतलं तर निघायच्या आधी एकाने सर्चवर उभं राहायचं आणि बाकीच्यांनी एकेक करून समोरून जायचं, कुणाचं बंद आहे ते लगेच कळतं. बॅटरी अल्कलाइनच टाका, कंपनीने दुसरी चालते असं स्पष्ट लिहिलं असेल तरच दुसरी. आणि सीझन संपला की काढून ठेवा, गळते.