लाल जमिनीला काव की कृत्रिम रेड ऑक्साईड?

जुन्या घराची डागडुजी काढली की पडवीच्या लाल जमिनीशी येऊन गाडी अडते. मातीतून मिळणारी काव घालायची, की दुकानातली कृत्रिम लोहऑक्साईडची पूड? दोन्हींचा लाल रंग हेमॅटाइट या लोहखनिजाचाच. फरक शुद्धतेचा आहे. कारखान्यातल्या चांगल्या पुडीत लोहऑक्साईड ९५ टक्क्यांच्या आसपास असतं. कावेत त्याच्या जोडीला चिकणमाती आणि सिलिका असते, तीही जागेप्रमाणे कमीजास्त.

सिमेंटच्या कोब्यात ही माती नडते. ती पाणी जास्त ओढते, त्यामुळे कोबा कमजोर होतो. शिवाय गडद रंग यायला काव पुष्कळ घालावी लागते. कृत्रिम पूड सिमेंटच्या वजनाच्या ५ टक्के, म्हणजे ५० किलोच्या पिशवीला अडीच किलो, पुरते. त्यापुढे रंग फारसा चढत नाही, आणि १० टक्क्यांच्या वर जाऊच नये. पूड आधी कोरड्या सिमेंटात मिसळावी, तीही काट्यावर तोलून. गवंडी घमेल्याच्या अंदाजाने घालू लागला तर थांबवा, नाहीतर प्रत्येक घाण्याची, म्हणजे एका वेळी कालवलेल्या मालाची, छटा वेगळी दिसेल. जमिनीला कृत्रिमच घ्या, यात मला शंका नाही.

चुन्याच्या भिंतीवर मात्र काव हवी. गोव्यातल्या देवळांत आणि जुन्या घरांत जी कावी चित्रं आहेत, त्यांत लाल थर कोरून खालचा पांढरा चुना उघडा केलेला असतो. चुन्यात आणि उन्हात कृत्रिम रंगही टिकतो, पण त्याची एकसारखी, भडक छटा जुन्या भिंतीवर ठिगळासारखी उठून दिसते. असा ठेवा घरात असेल तर त्याच भागातली काव शोधा, आणि कावीचं काम जाणणाऱ्या कारागिरालाच बोलवा.

पिवळी आणि काळी पूडही सिमेंटला चालते. फक्त पिवळी सुमारे १८० अंशांच्या पुढे तापली की तिच्यातलं पाणी जातं आणि ती लाल होते. गोव्यातल्या डिचोलीच्या कुंभारांच्या भट्टीत भाजायच्या मातीकामात तिचा पिवळेपणा राहणार नाही.

खिडकीच्या ग्रीलचा रेड ऑक्साईड प्रायमर हा वेगळा विषय. त्यातलं लोहऑक्साईड स्वतः गंज रोखत नाही, नुसता आडोसा करतं. समुद्राजवळ झिंक फॉस्फेटचा प्रायमर बरा.

घेताना चिमूटभर पूड ग्लासभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा. लोहऑक्साईड पाण्यात विरघळत नाही, ते तळाशी बसतं. सकाळी वरचं पाणी स्वच्छ पण रंगीत दिसलं, तर पुडीत विरघळणारा रंग मिसळलेला आहे. ती परत करा.