सेंट डेव्हिड्सला दोन रात्री: तंबू कायरवायला की व्हाइटसँड्सला?

वेल्सच्या पश्चिम टोकावरचं सेंट डेव्हिड्स हे ब्रिटनमधलं सगळ्यात छोटं शहर. वस्ती दोन हजारांच्या आत. 1994 साली शहराचा दर्जा मिळाला तो कॅथेड्रलच्या पुण्याईवर. तंबू ठोकायला दोन समुद्रकिनारे सोयीचे: दक्षिणेला कायरवाय, वायव्येला व्हाइटसँड्स.

गाडी नसेल तर फार खल नको, कायरवायच. रेल्वे हॅवरफर्डवेस्टपर्यंत, पुढे टी-11 बसनं साधारण 26 किलोमीटर. शहरातून कायरवायच्या कडेवरची शेतं किलोमीटरभरावर, पाठीवर सामान असलं तरी वीसेक मिनिटं. व्हाइटसँड्स तीन किलोमीटर. रात्री जेवून परतताना अरुंद रस्त्यावर टॉर्च हवाच, आणि मुलं सोबत असतील तर हे अंतर दुप्पट वाटतं.

समुद्रासाठी मात्र व्हाइटसँड्स सरस. लांबरुंद पुळण, सर्फिंगच्या लाटा, उन्हाळ्यात लाइफगार्ड (पोहायचं ते लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच), सूर्य थेट पाण्यात बुडतो. मागे 181 मीटरचा कार्न लिडी डोंगर. तासाभरात माथा गाठता येतो. कायरवायची वाळू भरतीला पूर्ण झाकली जाते आणि खाली जायला खडी वाट. त्यामुळे भरतीची वेळ पाहून ओहोटीच्या आधी-नंतरचे दोन तास धरा; ही वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. पाणी ऑगस्टमध्येही 16–17 अंशांच्या आसपास. कोकणातल्या पाण्याची सवय असेल तर वेटसूट (थंड पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख) भाड्यानं घ्याच.

फजिती होते ती वाऱ्यानं. तो बहुतेक नैऋत्येकडून येतो आणि कायरवायची शेतं त्याला सताड उघडी. समुद्र दिसतो म्हणून शेताच्या टोकाला जागा धरू नका. दगड-मातीच्या बांधाच्या आडोशाला राहा. तंबूची बुटकी, निमुळती बाजू वाऱ्याकडे, दार ईशान्येला. माती काही ठिकाणी चार बोटं, खाली खडक. तंबूसोबत मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या बारीक खुंट्या तिथे वाकतात. पोलादी जाड खुंट्या आठ-दहा आणि हातोडी न्या. खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं हवं, नाहीतर दोरी ती उपटून काढते. उंच कौटुंबिक तंबू इथे शिडासारखा फुगतो आणि आधी पोल मोडतात. दोघातिघांना बुटका घुमटीचा तंबू बरा. वाऱ्यात शेगडी पेटत नाही म्हणून ती तंबूत घेणं जिवावर बेतू शकतं, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वारारोधक पत्रा न्या आणि बांधाआड चहा करा.

कड्यावरच्या पायवाटेलगत फुकटात तंबू ठोकायचा विचार असेल तर वेल्समध्ये जमीनमालकाची परवानगी लागते.

कॅथेड्रल दोन्हीकडून होतं, पण ते शोधताना मान वर करू नका. 1181 पासून बांधलेली ही इमारत अलन नदीच्या खळग्यात आहे. वेशीतून 39 पायऱ्या उतरायच्या. आतली जमीन चढती, भिंती बाहेर कललेल्या. जांभळट दगड कायरवायशेजारच्या कायरबुडी या किनाऱ्यावरचा. कायरवायला राहिलात तर कड्यावरच्या वाटेनं, सेंट नॉनच्या विहिरीवरून कॅथेड्रलला जा. तासाभराची चाल आणि पावसानंतर चिखल, तेव्हा चपला नकोत.