धिंगरी की शिताके?

बटन मशरूमचा कंटाळा आला, आता पुढचं काय आणू, असं ओळखीत कुणी ना कुणी विचारतंच. इंदुरात घरी रांधायला भरवशाने मिळतात असे पर्याय माझ्या मते दोनच: ताजी धिंगरी, म्हणजे ऑयस्टर, आणि वाळवलेले शिताके. किंग ऑयस्टर, एनोकी वगैरे मोठ्या दुकानांच्या फ्रिजमध्ये कधीमधी दिसतात, पण नेमके हवे त्या दिवशी नसतात, म्हणून त्यांना बाजूला ठेवतो. धिंगरी आणि शिताके मी वर्षभर आलटून पालटून करून पाहिले. हे सगळं आमच्या घरच्या अनुभवावरून. तुमच्या घरचं गणित वेगळं निघू शकेल.

शिताकेचं कौतुक आधी करून घेतो, कारण नंतर मी त्याच्याविरुद्ध बोलणार आहे. चवीत धिंगरी त्याच्या जवळपासही येत नाही. वाळलेल्या शिताकेत ग्वानिलेट नावाचं द्रव्य असतं. त्याची चव १९५७च्या सुमारास जपानमध्ये शास्त्रज्ञ अकिरा कुनिनाका यांनी ओळखली, आणि ग्लुटामेट या दुसऱ्या चवद्रव्याच्या जोडीला ते आलं की चव बेरजेऐवजी गुणाकाराने वाढते, हेही त्यांच्याच कामातून पुढे आलं. आता ग्लुटामेट कशात? पिकलेल्या लाल टोमॅटोत भरपूर. तेव्हा जपानी सूप राहू द्या, शिताके भिजवलेलं पाणी गाळून टोमॅटोच्या सारात घाला. वरून तूप-जिऱ्याची नेहमीचीच फोडणी. पहिल्यांदा केलं तेव्हा मुलीने सार वाटीने न पिता पातेल्यातून पळीने प्यायलं. मुगाच्या मऊ खिचडीतही ते पाणी सुरेख लागतं, फक्त त्या दिवशी हिंगाला सुट्टी द्या.

गोड्या मसाल्याच्या आमटीत मात्र माझी फसगत झाली. दोन्ही आपापल्या वासाचे मानी. कुणीच माघार घेईना.

चवीचं हे असं असूनही शिताके आमच्याकडे मागे पडले ते भिजवण्यापायी. थंड पाण्यात पाच-सहा तास तरी हवेत, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले तर उत्तम. म्हणजे आज रात्री काय जेवायचं हे निदान आज सकाळी ठाऊक पाहिजे. आमच्याकडे ते संध्याकाळी सात वाजता, भाजीची टोपली उपडी केल्यावर ठरतं. गरम पाण्याचा जवळचा रस्ता आहे, मीही तो बरेचदा धरला. अर्ध्या तासात कडा मऊ होतात, पण मधला जाड भाग चामड्यासारखाच राहतो, आणि पाण्यालाही ती खोली येत नाही. याला कारण आहे. थंड पाण्यात भिजवून मग सावकाश तापवलं, तर साठ-सत्तर अंशांच्या टप्प्यात ग्वानिलेट तयार करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) काम करायला वेळ मिळतो. उकळतं पाणी ओतलं की तो टप्पा हुकतो. देठ तर कसेही भिजवा, चावले जात नाहीत. ते कापून पाण्यात उकळायचे आणि काढून टाकायचे.

आणि ते भांडं! रात्री ओट्यावर झाकून ठेवलेल्या पातेल्यात तपकिरी पाणी आणि त्यावर तरंगणाऱ्या काळपट टोप्या. आई पहाटे उठते. पहिल्या वेळी तिने पाणी मोरीत ओतलं आणि टोप्या चाळणीत काढून ठेवल्या, म्हणजे जे ठेवायचं ते गेलं. दुसऱ्या वेळी मी पातेल्यावर चिठ्ठी लावली, ती वाफेने की कशाने गळून पडली. तिसऱ्या वेळी पाण्यासकट सगळंच गेलं, टोप्या ओल्या कचऱ्यात. मी उठेपर्यंत पिवळी गाडी गाणं वाजवत कोपऱ्यावरून वळलीही होती. इंदूरचा ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात जातो. २०२२च्या फेब्रुवारीत सुरू झालेला, रोजच्या ५५० टनांची क्षमता असलेला. त्या गॅसवर शहरातल्या बसही धावतात. तेव्हा माझे महागाचे शिताके राजवाड्यापर्यंत कुणाला तरी सोडून आले असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. दोष शिताकेचा नाही, हे मान्य. पण जी वस्तू शिजण्याआधी रात्रभर घराशी वाटाघाटी करायला लावते, तिला रोजच्या स्वयंपाकात जागा मिळणं कठीणच.

एक सावधगिरीही सांगतो. शिताके अर्धेकच्चे खाऊ नका. काही जणांच्या अंगावर त्याने चाबकाचे फटके बसावेत तशा लाल रेघा उठतात. जपानमध्ये १९७७ साली ही गोष्ट पहिल्यांदा नोंदवली गेली, आणि तिचा संबंध शिताकेतल्या लेंटिनान या घटकाशी लावतात. नीट शिजवले की हा धोका बराच कमी होतो.

धिंगरीकडे या. तिला सुरीही फारशी लागत नाही. बुडाचा कडक गठ्ठा कापला की बाकीची हाताने उभी फाडायची, शेवग्याच्या शेंगेच्या साली काढतो तशी. लोखंडी कढई कडक तापवून त्यात कोरडीच टाका, तेल नको. चर्र आवाज होईल, मग पाणी सुटेल, मग ते आटेल. कडा तांबूस व्हायला लागल्या की तेल, लसणाचे काप, मिरी, आणि शेवटी मीठ. उतरवताना लिंबू आणि वर चिमूटभर जीरावन, आमचा इंदुरी मसाला. आता जीरावन पोह्यांवरचं, इथे कुठे, असं म्हणाल तर एकदा घालून बघा, मग बोलू. दहा-बारा मिनिटांत ताटात. जास्त शिजेल ही भीतीही नको, कारण अळंबीच्या पेशींच्या भिंती काइटिन नावाच्या चिवट द्रव्याच्या असतात आणि उष्णतेने ते विरघळत नाही. भेंडीचा जसा जास्त शिजल्यावर लगदा होतो तसा हिचा होत नाही. म्हणूनच कांदा-सुक्या खोबऱ्याच्या वाटणाच्या काळ्या रश्श्यात ती पाऊण तास उकळली तरी दाताखाली लागते. मटणाची आठवण काढणाऱ्यांना मी हाच रस्सा वाढतो. तक्रार अजून आलेली नाही.

आई मात्र सुरुवातीला हातच लावेना. ‘कुत्र्याच्या छत्र्या तुम्हीच खा.’ मी गोड्या मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल काढून दाखवलं आणि सांगितलं, ही बुरशी आणि शेवाळ यांची जोडी आहे, तू पन्नास वर्षं आमटीत घालते आहेस. ती काही बोलली नाही, पण त्या दिवशी तिने दोन तुकडे खाल्ले. कोळंबीच्या कवचात जे असतं तेच काइटिन, आणि धिंगरी लाकडातले बारीक सूत्रकृमी पकडून पचवते, या दोन गोष्टी मी तिला अजून सांगितलेल्या नाहीत. तुम्हीही शेजारच्या जैन काकूंना सांगू नका.

धिंगरीचं दुखणं एकच, ती थांबत नाही. आमच्याकडे महूच्या रस्त्यावरचा एक मुलगा सोयाबीन आणि गव्हाच्या भुशाच्या पिशव्यांत पिकवतो आणि शनिवारी आणून देतो. एकदा आणली, त्याच दिवशी संकष्टी निघाली, रविवारी बाहेर जेवण, सोमवारी आईचा उपास. मंगळवारी पिशवी उघडली तर वास मासळीबाजाराचा. प्लास्टिकमध्ये ठेवली की ती घामेजून चिकट होते. कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन दिवस बरी राहते, असा माझा अनुभव. मे महिन्यात तर ती दारापर्यंत येतानाच अर्धी मान टाकते, आणि मुलगाही म्हणतो, भिया, या महिन्यात जमणार नाही.

इथे शिताकेची बाजू वर यायला हवी होती. बरणीत वर्षभर पडून राहतो, उपास-तापास त्याला कळत नाहीत. पण मी हिवाळ्यात उरलेली धिंगरी फाडून गच्चीवर साडीवर पसरून बघितली, जिथे आई सांडगे घालते तिथेच. दोन-तीन उन्हांत कुरकुरीत वाळली. मुळात बहुतेक पाणीच, त्यामुळे किलोची शंभर ग्रॅमच्या आसपास उरते. पट्ट्या पातळ असल्यामुळे कोमट पाण्यात वीस मिनिटांत पुन्हा मऊ होतात. सात वाजता भिजवल्या तर साडेसातला कढईत. शिताकेच्या पाण्याची चव तिच्या पाण्याला नाही, हे खरं. पण सकाळी सातची चिंताही नाही.

आमच्याकडे सध्या शिताकेची एक छोटी बरणी साराच्या दिवसांसाठी असते, आणि ती संपायला महिने लागतात. तुम्ही आठवड्याचा स्वयंपाक रविवारी ठरवणाऱ्यांपैकी असाल, किंवा घरात पहाटे उठणारं कुणी नसेल, तर शिताके तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त लाभेल. नाहीतर पहिल्यांदा पाव किलो धिंगरी आणून बघा. कडा फाटलेल्या चालतील, पिवळ्या आणि ओलसर नकोत. टोप्यांवर पांढरी भुकटी दिसली तर घाबरू नका, ती बीजाणूंची असते. आणि मागवण्याआधी भिंतीवरच्या कालनिर्णयात संकष्टी कधी आहे ते बघून घ्या.