सोळा पेन्सचा रुपया की अठरा पेन्सचा?

जुन्या ब्रिटिश चलनात 12 पेन्सचा शिलिंग आणि 20 शिलिंगांचा पौंड होता. रुपयाचा दर 1 शिलिंग 4 पेन्स, म्हणजे सोळा पेन्स, धरला, तर एका पौंडाला 15 रुपये पडत. 1 शिलिंग 6 पेन्स, म्हणजे अठरा पेन्स, धरला, तर 13 रुपये 5 आणे 4 पै. पहिला दर पहिल्या महायुद्धापूर्वी रुळलेला होता, दुसऱ्याची शिफारस 1926 मध्ये भारताच्या चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगाने केली आणि 1927 च्या कायद्याने तोच कायम झाला.

इंग्लंडमधील लँकेशायरहून 100 पौंडांचे कापड मागवणाऱ्याला पहिल्या दराने 1500 रुपये मोजावे लागत, दुसऱ्याने सुमारे 1333. हाच फरक मुंबईच्या गिरण्यांना झोंबला, कारण त्यांच्या मालाशी स्पर्धा करणारे परदेशी कापड तेवढे स्वस्त झाले. कापूस पिकवणाऱ्याचे दुखणे मात्र मला अधिक गंभीर वाटते: परदेशी भाव तोच राहिला, तरी त्याच्या हाती कमी रुपये येत, आणि सावकाराचे जुने कर्ज रुपयांतच असल्याने ते एका पैनेही घटत नसे.

सरकारला अठरा पेन्स सोयीचे होते, कारण लंडनला पौंडांत पाठवायच्या रकमेसाठी कमी रुपये लागत. किमती आणि मजुरी या दराशी जुळल्या आहेत, असे आयोगाच्या बहुमताचे म्हणणे होते. सदस्य सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी ते अमान्य करून सोळा पेन्सच्या बाजूने भिन्नमत नोंदवले. मला त्यांचीच बाजू पटते. तरीही पौंडाशी रुपयाचे अठरा पेन्सचे नातेच जून 1966 च्या अवमूल्यनापर्यंत टिकले; तेव्हा पौंड 21 रुपयांचा झाला.